हप्त्याने स्मार्टफोन : कसारा परिसरातील ग्राहकाने पाहावयाचा हिशेब

थळ घाटाच्या पायथ्याशी वसलेले कसारा हे मध्य रेल्वेच्या उपनगरी सेवेचे नाशिकच्या दिशेचे अखेरचे स्थानक होय. लोहमार्ग १८६१ मध्ये येथवर आला आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीस पोहोचला. पहाटेच्या लोकलने कल्याण, ठाणे व मुंबईकडे कामावर जाणारा नोकरदार वर्ग या परिसरात आहे. त्याचबरोबर भाताची कापणी व झोडणी आटोपून दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबेही आजूबाजूच्या पाड्यांत आहेत. पहिल्याचे उत्पन्न दरमहा ठरलेल्या तारखेस हाती येते; दुसऱ्याचे उत्पन्न हंगामानुसार येते. मासिक हप्त्याने स्मार्टफोन घेण्याचा करार मात्र दोघांपुढेही एकाच नमुन्याचा ठेवला जातो. प्रस्तुत लेखातील प्रश्न येथूनच उद्भवतो.

स्मार्टफोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाले, तेव्हा व्यवहाराचे साधन होते दुकानातील कार्ड-यंत्र. आज भाजीविक्रेत्यासमोरही चौकोनी संकेतचित्राचा कागद असतो आणि पैसे देणाऱ्याच्या हाती फोन असतो. ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः फोनवरून करण्याची ई-पीक पाहणीची पद्धत राज्यभर आली. व्यक्तिगत लाभाची कामे वगळता रोजगार हमीच्या कामांवरील हजेरी मोबाईलवरून नोंदविणे १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक झाले. तेव्हा पाड्यावरील माणसाने फोन घेऊ नये असे सांगणे व्यवहार्य नाही. तो कोणता घ्यावा आणि कोणत्या अटींवर घ्यावा, एवढेच सांगता येईल. आणि हा सल्ला बहुधा शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी किंवा पंचायत सदस्य यांनाच विचारला जातो.

आधी फोन, मग हप्ता

दुकानात गेलेल्या ग्राहकास साधारणतः प्रथम हप्त्याची रक्कम विचारली जाते : महिन्याला किती जमेल? हा क्रम उलटा आहे. हजार रुपये जमतील असे म्हणताच हजार रुपयांत बसणारा सर्वांत महाग फोन पुढे येतो. मुदत वाढविली की आणखी महाग फोनही त्याच हजारात बसतो. यास्तव दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वीच फोन कशासाठी हवा हे कागदावर मांडावे.

या बाबतीत अंगणवाडी सेविकांचा अनुभव बोलका आहे. पोषण आहाराच्या नोंदींसाठी शासनाकडून मिळालेले फोन राज्यातील हजारो सेविकांनी ऑगस्ट २०२१ पासून परत केले. दोन जीबी क्षमतेच्या त्या फोनांवर नवे पोषण ट्रॅकर ॲप नीट चालत नाही, फोन तापतो व अडकतो, ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती. जी क्षमता खरेदीच्या वेळी पुरेशी वाटली ती दोन-तीन वर्षांत अपुरी पडली. आज फोन घेणाऱ्याने कार्यकारी स्मृती, म्हणजे दुकानदार ज्यास रॅम म्हणतात ती, चार जीबीपेक्षा कमी असू नये आणि शक्य तर सहा असावी असे पाहावे. छायाचित्रे साठविण्याची जागा १२८ जीबी असल्यास पुरे. उत्पादक कंपनी सुरक्षाविषयक सुधारणा किती वर्षे पुरविणार आहे हेही विचारावे; कारण ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात त्यास या सुधारणा मिळणे बंद झाले की धोका वाढतो. दोन वर्षे पडून राहिलेला जुना साठा सवलतीत मिळतो तो पुष्कळदा याच कारणाने.

डोंगराळ मुलखात दूरसंचार-लहरींचा विचार फोनच्या कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचा आहे. कमी कंप्रतेच्या लहरी, उदाहरणार्थ ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झच्या, दूरवर पोहोचतात व अडथळ्यांना काहीशा दाद देत नाहीत; अधिक कंप्रतेच्या लहरींचा वेग मोठा, पण डोंगराआड त्या लवकर क्षीण होतात. ज्या कंपनीची सेवा घ्यावयाची तिच्या कमी कंप्रतेच्या पट्ट्यांवर हा फोन चालतो काय, हे फोनच्या माहितीपत्रकात छापलेले असते. याहूनही सोपी परीक्षा म्हणजे त्या कंपनीची सेवा असणाऱ्या एखाद्या परिचिताचा फोन स्वतःच्या पाड्यावर, घरात व अंगणात, एकदा पावसाळ्यात आणि एकदा उघडीप असताना चालवून पाहणे. फाइव्ह-जी सेवा देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती आपल्या वस्तीत पोहोचली नसेल तर निव्वळ त्या अक्षरांसाठी जादा हप्ता मान्य करण्यात अर्थ नाही.

बॅटरी मोठी असावी, कारण आषाढ-श्रावणात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. दुरुस्तीचे केंद्र शहापूर, मुरबाड वा फार तर कल्याण येथे असावे. रंग, काचेची झळाळी, मागील बाजूस किती भिंगे आहेत याविषयी लिहिण्याजोगे काही नाही.

करार नेमका कोणाशी

ब्रिटन, अमेरिका आदी देशांत दूरसंचार कंपनीच ग्राहकास फोन देते आणि दोन वर्षांच्या करारान्वये फोनची किंमत व सेवेचे शुल्क एकत्रितपणे दरमहा वसूल करते, अशी पद्धत रूढ झाली. आपल्याकडे नव्वद टक्क्यांहून अधिक जोडण्या आगाऊ भरण्याच्या, म्हणजे रिचार्जच्या असल्याने ती रुजली नाही. प्रयत्न मात्र झाले. जुलै २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने प्रारंभी अवघे ५०१ रुपये घेऊन हातात फोन देण्याची योजना आणली. फोन घराघरांत गेले, पण पुढे बिलांची थकबाकी साचली आणि मोठ्या रकमेवर कंपनीस पाणी सोडावे लागले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या जिओफोन नेक्स्टची योजना हिशेबाच्या अभ्यासासाठी उत्तम आहे. रोखीने किंमत ६,४९९ रुपये. हप्त्याने घेतल्यास प्रारंभी १,९९९ आणि प्रक्रिया शुल्क ५०१, असे २,५०० रुपये. त्यानंतर सर्वांत लहान योजनेत २४ महिने दरमहा ३०० किंवा १८ महिने दरमहा ३५० रुपये. या हप्त्यातच महिन्याला ५ जीबी डेटा व १०० मिनिटे संभाषण समाविष्ट होते. चोवीस महिन्यांची बेरीज ९,७०० होते, अठरा महिन्यांची ८,८००. रोखीच्या किमतीहून ३,२०१ रुपये अधिक, ही चोवीस महिन्यांची सेवा व व्याज यांची मिळून किंमत. महिन्यास सुमारे १३३ रुपये. ज्यास ५ जीबी पुरतात त्याला हा व्यवहार वाईट म्हणता येणार नाही. ज्यास न पुरल्यामुळे वर आणखी रिचार्ज करावे लागले, त्याचे गणित पार बदलले. फोन आणि सेवा एकत्र बांधलेल्या कोणत्याही योजनेत या दोहोंची किंमत प्रथम वेगळी काढावी, हा यातून घ्यावयाचा धडा.

सध्या कसारा, खर्डी वा शहापूरच्या दुकानात जो हप्त्याचा करार होतो तो बहुतांशी निराळा असतो. फोन दुकानदार विकतो, सेवा दूरसंचार कंपनी देते, आणि हप्ता घेते ती तिसरीच संस्था, म्हणजे बँक किंवा बँकेतर वित्तीय कंपनी. दुकानातील टेबलापाशी बसलेला तरुण हा पुष्कळदा या तिसऱ्या संस्थेचा प्रतिनिधी असतो. ग्राहक ‘फोन हप्त्याने घेतला’ असे म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने त्याने रोखीने फोन घेतलेला असतो व त्यासाठी कर्ज काढलेले असते. फोन बिघडला तरी कर्ज बिघडत नाही. तो दुरुस्तीस गेला, हरवला, विहिरीत पडला तरी हप्ता चालूच राहतो. दोन वर्षांचा हप्ता व एक वर्षाची हमी असेल, तर दुसऱ्या वर्षाची सारी जोखीम ग्राहकाची. म्हणून हप्त्यांची मुदत हमीच्या मुदतीपेक्षा लांब नसावी, असे आमचे मत आहे.

‘शून्य टक्के’ म्हणजे किती टक्के?

सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना कळविले होते की शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसते. व्याजाचा भाग पुष्कळदा प्रक्रिया शुल्काच्या आवरणाखाली वसूल केला जातो. उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. फोनची छापील किंमत १५,००० रुपये. ३,००० रुपये आरंभी भरावयाचे आणि उरलेले १२,००० प्रत्येकी १,००० रुपयांच्या १२ हप्त्यांत, व्याज नाही. प्रक्रिया शुल्क ६०० व त्यावर १८ टक्के कर, मिळून ७०८ रुपये. तोच फोन रोखीने घेणाऱ्यास दुकानदार १४,२०० रुपयांस देतो.

आता खरे कर्ज किती झाले ते पाहू. रोखीच्या १४,२०० मधून भरलेले ३,००० वजा करता ११,२०० राहतात. त्यातून आरंभीच गेलेले ७०८ वजा करता ग्राहकास प्रत्यक्षात १०,४९२ रुपयांचेच साहाय्य मिळाले. परतफेड मात्र १२,००० ची. वरकरणी १,५०८ रुपयांचा हा फरक किरकोळ वाटतो. परंतु मुद्दल दरमहा कमी होत जाते हे ध्यानात घेऊन दर काढल्यास तो दरसाल सुमारे साडेपंचवीस टक्के येतो. काही वेळा व्याजाचा भार खरोखरच उत्पादक कंपनी उचलते, रोखीस सवलत नसते व शुल्कही नसते. तेव्हा हप्ता फायद्याचा ठरतो. पण हे ठरविण्यासाठी दुकानदारास एकच प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे आज रोख दिल्यास शेवटची किंमत काय? हप्त्याची बोलणी सुरू होण्यापूर्वी तो विचारावा.

जेथे व्याज उघडपणे सांगितले जाते तेथे ते सरळ मुद्दलावर आहे की घटत्या शिलकेवर, हे विचारावे. १२,००० रुपयांवर सरळ पद्धतीने १५ टक्के म्हणजे १,८०० रुपये व्याज, आणि १,१५० रुपयांचे १२ हप्ते. घटत्या शिलकेवर हाच दर साडेसव्वीस टक्क्यांच्या घरात जातो. सहावी-सातवीच्या वर्गात सरळव्याज शिकविताना हे उदाहरण फळ्यावर घेता येईल. मुलांच्या घरी त्याचा उपयोग पाठ्यपुस्तकातील हौदाच्या गणितापेक्षा अधिक होईल.

हप्त्याबरोबर रिचार्जही धरावयाचा असतो. २८ दिवसांच्या योजनेत वर्षाकाठी १२ नव्हे तर १३ रिचार्ज होतात. तीस दिवसांची आणि दरमहा त्याच तारखेस नूतनीकरण होणारी किमान एकेक योजना प्रत्येक कंपनीने ठेवावी, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये ठरविले. घरातील वृद्धांस केवळ बोलण्यापुरता फोन लागत असेल, तर डेटाविरहित योजनाही कंपन्यांनी द्यावयाच्या आहेत. तो नियम डिसेंबर २०२४ चा.

हंगामाचे उत्पन्न, महिन्याची वसुली

या सर्वांपेक्षा अधिक गंभीर बाब पुढची आहे. वीटभट्टीवर जाणारे कुटुंब हंगामाच्या आरंभी उचल घेते, आठवड्यास खर्ची घेते, आणि पावसाच्या तोंडी भट्टी बंद होताना हिशेब होतो. शेतीवर राहणाऱ्याचे भात दिवाळीच्या सुमारास घरात येते. खरेदी केंद्रावर घातल्यास पैसे त्यानंतर मिळतात. आवणीच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, घरात रोख रक्कम सर्वांत कमी असते आणि बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च सर्वांत अधिक. दिवाळीच्या झगमगाटात घेतलेल्या फोनचा आठवा-नववा हप्ता नेमका याच दिवसांत येतो.

वसुली आता माणूस करीत नाही. करारासोबत दिलेल्या आदेशानुसार ती बँक खात्यातून आपोआप होते. ठरलेल्या तारखेस शिल्लक नसेल तर वित्तीय कंपनी एक दंड लावते, आणि आदेश परत गेल्याबद्दल बँकही स्वतंत्र आकार लावू शकते. एका चुकलेल्या हप्त्याचे असे दोन दंड होतात. शिवाय पुरेशा शिलकेअभावी असा आदेश परत जाणे हा २००७ च्या देयक व तडजोड प्रणाली अधिनियमाच्या कलम २५ अन्वये, धनादेश न वटण्यासारखाच, गुन्हा ठरू शकतो. ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

त्यातही ज्या खात्यात शासकीय योजनेची रक्कम जमा होते तेच खाते हप्त्यासाठी दिले असेल, तर रक्कम जमा होताच ती हप्त्यापोटी निघून जाण्याचा संभव असतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची रक्कम ऑगस्ट २०२४ मध्ये खात्यांत येऊ लागली, तेव्हा ती थकबाकीत वळती करू नये असे राज्य शासनास बँकांना सांगावे लागले. पण खातेदाराने स्वतःच वसुलीचा आदेश दिलेला असेल तेथे प्रश्न अवघड होतो. घरातील स्त्रीचे योजनेचे खाते कोणाच्याही फोनच्या हप्त्यास जोडू नये, एवढे तरी ग्रामसभेत आग्रहाने सांगण्यासारखे आहे.

ज्याचे उत्पन्न हंगामी त्याने फोन हंगामाच्या शेवटी, हिशेब हाती आल्यावर, रोखीने घ्यावा. रक्कम कमी पडल्यास अधिक रक्कम आरंभी भरून पावसाळ्यापूर्वी संपतील असे तीन किंवा चारच हप्ते ठेवावेत. बचत गटातून अंतर्गत कर्ज घेतल्यास परतफेडीची तारीख गटाच्या बैठकीत ठरविता येते आणि व्याज गटातच राहते. शिक्षक व कर्मचारी यांना त्यांच्या पतपेढीचा मार्ग आहेच. भट्टी-मालकाकडून फोनसाठी वाढीव उचल घेण्याचा मार्ग मात्र कधीही सुचवू नये. पुढचा हंगाम त्यात आजच विकला जातो.

घरी नेऊन वाचावयाचा कागद

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी घातलेल्या व १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार, अशा प्रत्येक कर्जापूर्वी ग्राहकास मुख्य तथ्य विवरणपत्र देणे आवश्यक आहे. त्यात कर्जाची रक्कम, सर्व शुल्के, हप्त्यांचे वेळापत्रक, दंड, मुदतीपूर्वी फेडीचा आकार आणि सर्व खर्च धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर नमूद असतो. वरील उदाहरणातील लपलेले शुल्क या दरात उघड झालेच पाहिजे. विवरणपत्र कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असावे व त्यातील मजकूर समजावून सांगितला जावा, असेही नियम सांगतो. जे शुल्क त्यात नाही ते ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून नंतर आकारता येत नाही.

कमी माहीत असलेली तरतूद अशी की सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जाचे विवरणपत्र किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असते. म्हणजे ‘ही योजना आत्ताच घ्या’ असे म्हटले गेले तरी त्या कर्जाच्या अटी तीन दिवस तशाच राहावयाच्या आहेत. कागद घरी न्यावा, शाळेत दाखवावा, बेरीज करावी. फोनवरून वा ॲपद्वारे घेतलेल्या कर्जात विचार बदलण्यासाठी किमान एक दिवसाची मुभाही आहे. मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार भरून कर्ज संपविता येते. दुकानदार फोन परत घेईलच असे मात्र नाही, तो करार वेगळा.

मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेत साठी ओलांडलेल्या स्त्रिया अंगठ्याऐवजी सही करावयास शिकल्या. अंगठा उठविण्याची भीती त्या पिढीस ठाऊक होती, कारण सावकाराच्या कागदाचा अनुभव मुलखाने घेतला होता. आजचा अंगठा म्हणजे फोनवर येणारा सहा अंकी ओटीपी. तो दुकानातील प्रतिनिधीस सांगितला की सही झाली. कोणत्या कागदावर झाली हे आधी पाहावे. विमा, वाढीव हमी व सवलतपत्र यांची खूण पुष्कळदा अगोदरच केलेली असते. ती काढून टाकावयास सांगण्याचा ग्राहकास हक्क आहे.

दुसऱ्याच्या नावावर फोन घेणे हा या भागात सर्रास चालणारा प्रकार आहे. पगारपत्रक असणाऱ्या शिक्षकास किंवा रेल्वेतील नातलगास गळ घातली जाते. भिडेखातर नाव देणाऱ्याने समजून घ्यावे की कायद्याच्या दृष्टीने कर्जदार तोच. जामीन राहिल्यासही, करारात निराळे ठरले नसल्यास, भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते.

हप्ता थकल्यावर व तो फिटल्यावर

अडचण दिसू लागताच, हप्ता चुकण्यापूर्वी, कंपनीस लेखी कळवावे. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करू नये, धमकी देऊ नये, नातलगांत वा गावात मानहानी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट २०२२ चे निर्देश आहेत. दंडावर पुन्हा व्याज चढविण्यासही मनाई आहे. हप्ता थकताच फोन दुरून बंद पाडणारी आज्ञावली त्यात बसविलेली आहे काय, हे करारात आधीच पाहावे. तो बंद पडला तर मजुरीचा निरोप, रेशनचा संदेश व मुलांचा अभ्यास सारेच थांबते. कंपनीने तक्रारीस तीस दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी दूरध्वनी १४४४८. फोन सदोष असल्यास ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ व त्यापुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस तेथे शुल्क नाही.

फोनच्या पावतीवर त्याचा पंधरा अंकी ओळख क्रमांक लिहून घ्यावा. फोन हरवल्यास २०२३ पासून चालू असलेल्या संचार साथी सेवेमार्फत तो सर्व जाळ्यांवर बंद करता येतो, व त्यासाठी हा क्रमांक लागतो. जुना फोन विकत घेणाऱ्याने हाच क्रमांक १४४२२ वर संदेशाने तपासावा.

दहा-बारा हजारांच्या कर्जाचा एक थकलेला हप्ताही पतमाहिती कंपन्यांकडे नोंदला जातो. पीककर्जासाठी या नोंदीचा आग्रह धरू नये असे राज्य शासनाने बँकांना वारंवार बजावले आहे. तथापि घर, दुचाकी, जनावरे वा व्यवसाय यांच्या कर्जाच्या वेळी ती पाहिली जातेच. म्हणून शेवटचा हप्ता भरल्यावर कंपनीकडून येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा, खात्यावरील वसुलीचा आदेश बँकेत जाऊन रद्द करवावा, आणि दोन-तीन महिन्यांनी आपला पत-अहवाल मागवावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा तो विनामूल्य द्यावयाचा आहे. कर्ज फिटूनही नोंद चालू दिसल्यास दुरुस्तीचा अर्ज करावा. तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई अर्जदारास मिळावयाची आहे.